पदकाची वरची बाजू

कृतज्ञ राष्ट्र आपल्या वीरांना कधीही विसरत नाही.

हे वाक्य ज्या परिपत्रकाच्या डोक्यावर छापलं होतं, ते परिपत्रक लढाई संपून एकतीस वर्षांनी आलं, आणि त्यातले शेवटचे चौदा महिने ते मत्स्यव्यवसाय खात्यात पडून होतं. पाकिटावरचा पत्ता चुकला होता. मत्स्यव्यवसाय खात्याने ते सावकाश वाचलं, त्यावर ‘या खात्यात वीर नाहीत’ असा शेरा मारला आणि पुढे धाडलं. अशा रीतीने कधीही न विसरणाऱ्या राष्ट्राला आठवण झाली आणि टांकसाळीला काम मिळालं : त्या लढाईतल्या हयात सैनिकांसाठी सहा हजार पदकं. ‘हयात’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या. अर्जासोबत हयातीचा दाखला जोडायचा होता. मेलेल्यांनी अर्ज करू नयेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मेलेले समजूतदार असतात.

टांकसाळीत ठसे कोरायचं काम ताईकडे होतं. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला फोरमनसुद्धा. वय बावन्न. डोळ्याला भिंग लावून लावून तिची एक भुवई कायमची वर गेली होती, त्यामुळे ती साधं ‘हो’ म्हणाली तरी समोरच्याला वाटे, बाई आपल्यावर संशय घेतेय. बहुतेक वेळा ती घेतच असे.

परिपत्रक हातात पडलं त्या संध्याकाळी ती घरी न जाता थोरल्या भावाकडे गेली. दादा त्या लढाईतला. आता अठ्ठावन्नाचा होता आणि दोन्ही गुडघे कामातून गेल्यामुळे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जगाला नावं ठेवायचं काम पूर्णवेळ करत होता.

“दादा, तुमच्या लढाईचं पदक निघतंय.”

“एकतीस वर्षांनी? बाळंतपण फारच जड गेलेलं दिसतंय.”

“थट्टा पुरे. चित्र मी करणार आहे. काय काढू सांग.”

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. “ढेकणाला काढ,” तो म्हणाला.

ढेकूण हा त्याच्या तुकडीतला सगळ्यांत बुटका पोरगा. फट सापडेल तिथे, पेटीवर, दगडाआड, कुठेही अंग मुडपून झोपायचा, म्हणून ढेकूण. बाविसाव्या वर्षी त्याच्या पोटात गोळी लागली. दादा त्याला पाठीवर घेऊन अकरा मैल डोंगर उतरला. गुडघे तिथेच ठेवून आला म्हणा ना. खाली तंबूत डॉक्टरने पाहिलं आणि म्हणाला, हा केव्हाच गेलाय. ‘केव्हा?’ हे विचारायचं दादाला सुचलं नाही, आणि तेच त्याला एकतीस वर्षं खात होतं. कारण वाटभर तो पाठीवरच्याशी बोलत आला होता.

ढेकणाची आई दोन गल्ल्या सोडून राहायची. दादा आणि ताई तिला मावशी म्हणत. लेकाचा एकुलता एक फोटो तिच्याजवळ होता. पेन्शनच्या अर्जाला मूळ फोटोच लागतो म्हणून कचेरीने तो मागून घेतला. मग कचेरी नव्या इमारतीत गेली, फोटो जुन्या इमारतीत राहिला, आणि जुनी इमारत पाडली. मावशीने बारा वर्षं हेलपाटे घातले. पुढे तिची नजरच गेली. आता फोटो सापडला असता तरी तिला दिसला नसता, त्यामुळे कचेरीच्या दृष्टीने प्रकरण आपोआप निकालात निघालं.

“तुझं काम हाताला लागतं ना?” दादाने विचारलं. “म्हणजे नाक, कान, असं?”

“लागतं. उठाव नीट दिला तर लागतं.”

“मग दे. मला मिळेल ते पदक मी तिच्या हातावर ठेवीन. तेवढ्यासाठी मी त्यांच्या मांडवात दोन तास उभा राहीन. भाषणसुद्धा ऐकीन.”

दादा आजवर एकाही सरकारी समारंभाला गेला नव्हता. ताईने भुवई आणखी वर नेली, आणि त्याची बशी विसळून ठेवली.

ठसा कोरण्याआधी चित्राचा ताटाएवढा मातीचा नमुना करतात. ताईने ढेकणाचा चेहरा मोठा घेतला, त्याच्याखाली त्याला तोलणारी दादाची वाकलेली पाठ, आणि अगदी तळाला दोन बूट. चेहरा आधी दादाच्या सांगण्यावरून केला. मग तो नमुना कापडात गुंडाळून मावशीच्या मांडीवर नेऊन ठेवला. मावशीने अंगठा फिरवला आणि पहिलं वाक्य म्हणाली, “हा कोण उपटसुंभ?”

तीन रविवार हे चाललं. “नाक जाड कर. बापाचं नाक आलं होतं मेल्याला.” “कान बाहेर काढ. अजून. अगं, कपाला असतो तसा कान होता, धरून उचलावा असा.” “हनुवटीला खळगा कुठेय? सायकलवरून पडला होता, तो खळगा.” ताई ओल्या बोटांनी करत गेली. तिसऱ्या रविवारी मावशीचा अंगठा कपाळावरून निघाला, नाकावरून उतरला, खळग्यात जाऊन थांबला आणि तिथून हललाच नाही.

“हं,” मावशी म्हणाली. “आला.”

ताईने बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, “मावशी, हाच ठेव तुझ्याजवळ. मी टांकसाळीला दुसरा करून देते.”

“मातीचा नको गं. मातीत तर तो आहेच.” मावशीने ते ताट अलगद परत केलं. “धातूचा दे. सरकारी शिक्क्याचा. त्यांनी नेलाय, त्यांनीच परत आणून द्यायचा.”

नमुना मंजूर करायला सात जणांची समिती होती. सातांपैकी लढाईला कुणी गेलेलं नव्हतं. अध्यक्षांनी मात्र त्या लढाईवर एकदा भाषण केलं होतं, आणि ते इतकं गाजलं की आपण तिथे होतो असं हळूहळू त्यांचं स्वतःचंच मत झालं होतं.

“हा पाठीवर कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“जखमी सैनिक.”

“जखमी नको हो. पदक म्हणजे मंगल गोष्ट. हा काढून टाका.”

“तो काढला तर खालचा वाकून काय करतोय असं वाटेल?”

“काहीतरी शोधतोय असं वाटेल,” एका सदस्याने मदत केली.

ताईने मनात दहा अंक मोजले. मग म्हणाली, “जखमी नाही साहेब, दमलाय. विश्रांती घेतोय.”

“असं होय! मग हरकत नाही. फक्त डोळे उघडे दाखवा. कामावर झोपलेला सैनिक बरा दिसत नाही.”

हे दादाला सांगताना तिचा आवाज रागाने चिरकत होता. तिला वाटलं, दादा शिव्यांची लाखोली वाहील. दादा नुसता म्हणाला, “उघडेच होते.”

दुसऱ्या बाजूला राजचिन्ह आणि त्याच्या वर, कडेने, अध्यक्षांचं नाव. नावाची अक्षरं राजचिन्हापेक्षा मोठी नसावीत अशी कायद्यात अट होती. ती काटेकोर पाळली गेली. दोन्ही सारखी होती.

ताईने दोन्ही ठसे कोरले. प्रत्येकाचा शिशावर वेगवेगळा नमुना उठवून पाहिला. एकेक बाजू निर्दोष. ढेकणाचा चेहरा अंगठ्याच्या पेराएवढा झाला होता, पण नाक लागत होतं, खळगाही. मग ठसे फोरमनकडे गेले. फोरमन चांगला माणूस. नाण्याला यंत्राचा एक दाब पुरतो, पण ताईने सांगितलं म्हणून त्याने प्रत्येक पदकाला तीन दाब दिले, नाक बसू नये म्हणून. सहा हजार गुणिले तीन. त्याने सगळं केलं, आणि ठसे मात्र यंत्रात बसवले ते चौतीस वर्षं बसवत आला होता तसेच. म्हणजे नाण्याचे बसवतात तसे.

त्या टांकसाळीची नाणी अशी असत की समोरची बाजू सरळ धरून, पान उलटावं तसं नाणं उलटलं, तर मागचं चित्र खाली डोकं वर पाय दिसे. पूर्वापार रिवाज होता आणि त्याने कुणाचं बिघडत नव्हतं, कारण नाणं खिशात असतं आणि खिशात सगळेच आडवेतिडवे पडलेले असतात. पण पदक टांगतात. टांगायचं म्हणजे त्याला वर आणि खाली असतं. ही गोष्ट त्या अख्ख्या इमारतीत कुणाच्याही डोक्यात आली नाही, कारण त्या इमारतीत आजवर टांगण्याजोगं काही तयारच झालं नव्हतं. ताईच्याही डोक्यात आली नाही. तिच्या रागात पुढे जी धार होती ती बरीचशी यातून आलेली.

डोक्यात आली ती डागवाल्याच्या. तो कडीला डाग देऊन ती पदकाला जोडणार होता. एक पदक चिमट्यात धरून तो ताईच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“ताई, कडी कुठल्या डोक्याला लावू? ह्याला दोन डोकी आहेत.”

ताईने पदक घेतलं. राजचिन्ह सरळ, अध्यक्ष सरळ. उलटलं. बूट आभाळाकडे, दादाची पाठ लोंबकळलेली, आणि ढेकूण डोक्यावर पडत होता. डोळे उघडे ठेवून.

“किती झालीत?” तिने विचारलं.

“सगळी.”

फोरमनला बोलावलं. त्याने पदक चारदा उलटलं आणि खाली बसला. “ताई, मला वाटलं... ठसे आले, मी बसवले.”

“मलाही वाटलंच नाही काही. उठा, पाणी प्या.”

तिने वर लेखी कळवलं : सहा हजार पदकं वितळवून नव्याने पाडावीत, तीन आठवडे लागतील, चूक आमची आहे. ज्या समितीला एका स्वल्पविरामावर दोन महिने लागत, तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. मुहूर्त ठरला आहे, निमंत्रणं गेली आहेत, पुन्हा पाडता येणार नाहीत, कडी राजचिन्हाच्या बाजूने वर लावावी.

ताई तो कागद घेऊन तशीच अध्यक्षांच्या दालनात गेली. एप्रनसकट.

“बाई, राजचिन्ह उलटं टांगणं हा गुन्हा आहे,” अध्यक्ष समजुतीने म्हणाले. “माहीत आहे ना?”

“आणि माणूस उलटा टांगणं?”

सचिवांनी कायद्याचं पुस्तक खरोखरच चाळलं. “तसं काही दिसत नाही,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” अध्यक्ष म्हणाले. “आणि काळजी कसली? सैनिकाची बाजू छातीकडे राहणार. कुणाला दिसतेय?”

“दिसायची नाहीच आहे,” ताई म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता, आणि तिला ओळखणारं कुणी तिथे असतं तर दाराकडे सरकलं असतं. “ज्या बाईसाठी हा चेहरा केलाय तिला दिसतच नाही. तिला तो हाताला लागायचाय. ती फीत वर धरणार, चाचपणार, आणि लेकाच्या तोंडाच्या जागी तिच्या अंगठ्याला बूट लागणार.”

“अहो, पदक काय चाचपायला असतं?”

“मग कशाला असतं, साहेब? तुमचं नाव छापायला?”

अध्यक्ष मात्र भलतीकडेच बघत होते. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

“छातीकडे... म्हणजे हृदयाकडे,” ते पुटपुटले. “‘आम्ही आमच्या वीराला हृदयाशी धरलं आहे.’ वा! सचिव, घ्या लिहून, भाषणात घालू.”

ताईने कागदावर ‘सहमत नाही’ असं लिहून सही केली. कारकुनाने तो कागद परत आणून दिला. या नमुन्यात असहमतीचा रकाना नाही, म्हणाला.

त्या दुपारी ती टेबलाशी बसून आपल्या सगळ्या छिन्न्यांना एकेक करून धार लावत राहिली. चहावाला दुरूनच कप ठेवून गेला. शेवटची छिन्नी पुसून झाल्यावर ती डागवाल्याकडे गेली.

“प्रत्येकाच्या नावाची डबी आहे ना? मला एकच पदक हवंय. माझ्या भावाच्या डबीतलं. त्याला कडी सैनिकाच्या डोक्याला लाव.”

“राजचिन्ह उलटं होईल ताई. गुन्हा आहे म्हणतात.”

“हो.”

डागवाल्याने नाकाने एक आवाज काढला आणि ज्योत पेटवली. “लावतो की. सहा हजार उलटे टांगलेत, एक तरी सरळ होऊ दे.”

पण टांकसाळीतून काहीच तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. तपासनीसाची पद्धत सोपी होती : पदक खिळ्याला अडकवायचं, राजचिन्ह सरळ दिसलं की खूण करायची. चार दिवस तो खुणा करत होता. चौथ्या दिवशी जेवणाआधी त्याने आनंदाने आरोळी ठोकली. सापडलं होतं. सहा हजारांत एक.

“बघा!” तो ते पदक उंच धरून सगळ्या खात्यातून फिरला. “सहा हजारांत एक नग सदोष, आणि तोही सुटला नाही! ह्याला म्हणतात नजर.”

ताई उठून मुशीपाशी जाईपर्यंत त्याने पदकावर हातोडा मारून ते मुशीत टाकलं होतं. आधी कडी वितळली. मग नाक गेलं. तपासनीसाला प्रशंसापत्र मिळालं. ताईला मेमो मिळाला : ‘सैनिकाचे चित्र सरळ दिसेल अशा प्रकारे पदकाचे विद्रूपीकरण केल्याबद्दल’. तिने तो मेमो टेबलाच्या काचेखाली ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावा असा. दादाच्या डबीत त्यांनी इतरांसारखंच एक घातलं.

समारंभाच्या आधी ताईने दादाला सगळं सांगितलं. दादा म्हणाला, “मी जाणार. मावशीला कबूल केलंय.” थोड्या वेळाने म्हणाला, “पक्कड आण.”

मैदानावर सहाशे जण ओळीने उभे होते. बाकीच्यांना पदकं टपालाने जाणार होती. खुर्च्या होत्या, पण त्या निमंत्रितांना. ज्यांचा सत्कार होता त्यांना निमंत्रण नव्हतं, उपस्थितीची सूचना होती. दादा दोन तास उभा राहिला. त्याचे गुडघे थरथरताना कडेच्या दोरीपाशी मावशीचा हात धरून उभ्या असलेल्या ताईला दिसत होते. अध्यक्षांनी हृदयाचं वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

पदकं लावून झाली आणि वारा सुटला. सहाशे छात्यांवरची सहाशे पदकं एकदम फिरली. सहाशे सैनिक खाली डोकं वर पाय. क्षणभर सगळं मैदान उघडं पडलं. ताईला वाटलं, आता तरी कुणीतरी ओरडेल.

ओरडला तो फोटोग्राफर. “मेडल सरळ करा! राजचिन्ह पुढे, राजचिन्ह!”

हुकूम तो हुकूम. सहाशे म्हाताऱ्यांनी मान खाली घालून आपापला सैनिक पुन्हा शर्टाकडे वळवला.

फाटकाबाहेर येऊन दादा कट्ट्यावर टेकला. शर्टावरून पदक काढलं आणि मावशीच्या तळहातावर ठेवलं. “घे मावशी. आणलाय.”

मावशीने फीत वर धरली, कुणीही धरेल तशी. दुसऱ्या हाताचा अंगठा वरून खाली निघाला. मध्येच थांबला. परत वर गेला.

“हे काय? बूट?”

मावशीने जरा विचार केला, पदक हातात फिरवलं, फीत खाली सोडली आणि पुन्हा सुरुवात केली. कपाळ. नाक. कान. खळगा. अंगठा तिथे राहिला. तिचे ओठ हलले, पण तिने काय म्हटलं ते तिचं तिला.

मग तिचा हात पदकाच्या तळाला गेला, बुटांपाशी, जिथे कडी होती आणि कडीतून फीत लोंबत होती.

“ताई,” ती म्हणाली, “ह्याच्या पायाला दोरी का बांधलीय गं? पळून जाणार होता का तो?”

ताईने पिशवीतून पक्कड काढली. डागवाल्याचं काम पक्कं होतं. दोनदा पीळ द्यावा लागला, आणि कडी निघाली ती अध्यक्षांच्या नावाची दोन अक्षरं घेऊनच निघाली. कडी आणि फीत तिने फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मावशीने पदक मुठीत मिटलं. मग दोघींनी मिळून दादाला उठवलं आणि तिघं घरी गेली.

मत्स्यव्यवसाय खात्याला मात्र ती कल्पना फार आवडली. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पदक काढलं. काम त्याच टांकसाळीकडे आलं. फोरमनने या वेळी ठसे नीट बसवले, आणि मासा दोन्ही बाजूंनी सरळ आला.